भूकंप सांगितला, निघाली वाळवी

आमच्या मावसभावाच्या घरात ब्रेक्झिटचा निकाल बरोबरीत लागला होता. दादा आणि वहिनी लेस्टरला राहतात, २०१६ मध्ये दोघांचाही पासपोर्ट भारतीयच होता पण तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत देता येतं म्हणून दोघांनी दिलं (वीस वर्षं तिथे राहिलेल्या पोलिश माणसाला मात्र नव्हतं, हे कळल्यावर मी आधी विश्वासच ठेवला नव्हता). दादाने लीव्हला म्हणजे युरोपियन युनियन (ईयू) सोडायला, वहिनीने रिमेनला म्हणजे आत राहायला. एकाच गाडीतून गेले, एकमेकांची मतं खोडली, परत आले. लेस्टर शहराचंही जवळजवळ तसंच, ५१.१ टक्के रिमेन. आणि देशाचं उलटं, ५१.९ टक्के लीव्ह.

तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर पहिली पाच मिनिटं तब्येतपाणी झालं की गाडी हमखास तिथेच येते आणि मी बिनपगारी पंच. इतकी वर्षं हे ऐकून आणि मधेमधे स्वतः वाचून माझं एक मत झालंय, ते असं की रिमेनवाल्यांचा अंदाज बराचसा बरोबर होता पण तो त्यांनी इतका चुकीचा विकला की आता बरोबर असूनही त्यांचं कोणी ऐकत नाही.

कसं ते सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनच्या ट्रेझरीने म्हणजे अर्थखात्याने एक जाडजूड रिपोर्ट काढला, त्यात म्हटलं होतं की युरोपियन युनियन सोडून कॅनडासारखा करार केला तर १५ वर्षांनी जीडीपी ६.२ टक्के कमी असेल. कमी म्हणजे आजच्यापेक्षा कमी नाही हं, न सोडता जेवढा झाला असता त्यापेक्षा कमी. समजा आज शंभर आहे, आत राहून १३० झाला असता तर बाहेर पडून १२२ च्या आसपास होईल. हे वाक्य काही पोस्टरवर मावत नाही. मग काय केलं, तो फरक घरांच्या संख्येने भागला आणि तेव्हाचे चान्सलर म्हणजे अर्थमंत्री ऑस्बोर्न साहेब ४,३०० पौंडांचा आकडा मागे लावून उभे राहिले, की प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एवढा फटका. ऐकणाऱ्याला वाटलं की आपल्या खात्यातून ४,३०० जाणार. जीडीपी भागिले घरं म्हणजे घराचं उत्पन्न नव्हे, हे तिथल्या अर्थतज्ज्ञांनीही तेव्हाच सांगितलं होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मे महिन्यात दुसरा रिपोर्ट, की नुसतं 'लीव्ह' असं मत पडलं तरी वर्षभरात मंदी येणार आणि दोन वर्षांत ५ लाख ते ८.२ लाख लोक बेकार होणार. मग मतदानाला आठवडा राहिला असताना ३० अब्ज पौंडांची करवाढ आणि कपात करावी लागेल अशी धमकी. आणि झालं काय? मंदी आली नाही. बेकारी उलट कमी होत गेली. पौंड मात्र खरंच आपटला, निकालाच्या एका रात्रीत १.५० डॉलरवरून १.३२ च्या आसपास, १९८५ नंतरचा नीचांक, आणि त्यामुळे पुढे आयात माल महागला, पण टीव्हीवर दाखवण्यासारखी बेकारांची रांग काही लागली नाही. बँक ऑफ इंग्लंडचे, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचे, तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हॉल्डेननी जानेवारी २०१७ मध्ये सरळ कबूल केलं की हा आमचा 'मायकल फिश' क्षण होता. मायकल फिश म्हणजे बीबीसीचे हवामानवाले, १९८७ मध्ये टीव्हीवर म्हणाले होते की चक्रीवादळ येतंय असं एका बाईंनी फोन करून विचारलं, काळजी करू नका, आणि त्याच रात्री दक्षिण इंग्लंडमधली झाडं मुळासकट आडवी झाली. इथे उलटं, वादळ येणार म्हणाले आणि ऊन पडलं.

दादा आजही तेच काढतो. "आठ लाख बेकार कुठायत, दाखव." वहिनी मग बस काढते, ती लाल बस, आठवड्याला ३५० दशलक्ष पौंड ईयूला देतो ते एनएचएसला म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला देऊ लिहिलेली. तो आकडाही खोटाच होता कारण थॅचरबाईंनी मिळवलेली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती, ती रक्कम ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हती. देशाच्या आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने मतदानाआधीच हे दिशाभूल करणारं आहे असं सांगितलं होतं, बस काही थांबली नाही. दादा म्हणतो बसवर आम्ही पण हसलो होतो, पण मी बस बघून मत दिलंच नव्हतं.

आणि इथे मला तो न्यूकासलचा किस्सा आठवतो. प्रोफेसर आनंद मेनन मतदानाआधी तिथे बोलत होते, जीडीपी कसा घसरेल ते समजावत होते आणि प्रेक्षकांतून एक बाई ओरडली की तो मेला तुमचा जीडीपी, आमचा नाही. माझ्या मते सगळ्या प्रचारातलं सगळ्यात खरं अर्थशास्त्र हेच होतं. लंडनचा जीडीपी वाढला काय आणि घटला काय, सांगणारे तज्ज्ञ एका गावात आणि ऐकणारे दुसऱ्या. शेजारच्या संडरलंडने ६१ टक्के लीव्हला दिलं, जिथे निसानचा कारखाना आहे आणि त्यातल्या गाड्या मुख्यतः युरोपलाच जातात!

आता कारखान्यांचं बघा, त्यावरून तर आमच्याकडे कॉल कट झालेत. होंडाने स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद केला. वहिनी म्हणते ब्रेक्झिट. होंडा स्वतः म्हणाली ब्रेक्झिट नाही, इलेक्ट्रिक गाड्यांकडे जगच वळलंय म्हणून. दादा म्हणतो बघ. मग वहिनी म्हणते, गिऱ्हाईकांच्या तोंडावर कोणती कंपनी खरं कारण सांगते. निसान मात्र राहिली, दादा म्हणतो बघ. वहिनी म्हणते सरकारने हातापाया पडून ठेवली. संपलं. एकच कारखाना, दोन पुरावे.

खरी अडचण हीच आहे की बाहेर न पडलेला ब्रिटन कुठे अस्तित्वातच नाही, त्यामुळे तुलना करायची कोणाशी? मग अर्थतज्ज्ञ काय करतात, ब्रिटनसारखे चाललेले दुसरे देश थोडे थोडे मिसळून एक नकली ब्रिटन बनवतात. जॉन स्प्रिंगफर्ड यांनी तसं केलं आणि म्हटलं की २०२२ च्या मध्यापर्यंत खरा ब्रिटन नकलीपेक्षा ५.५ टक्के मागे आहे. सरकारी अंदाज करणारी ओबीआर ही संस्था म्हणते दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्के कमी. २०२५ च्या शेवटी निक ब्लूम आणि मंडळींचा पेपर आला त्यात तर जीडीपीच ६ ते ८ टक्के कमी. दादाचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही, की तुमच्या मिश्रणात अमेरिका जास्त पडली तर ब्रिटन मागेच दिसणार, मधे कोविड, मग युक्रेन, गॅसचे भाव, आणि जर्मनी तर आत आहे ना, मग २०२३ आणि २०२४ सलग दोन वर्षं त्यांची अर्थव्यवस्था का आकसली? शिवाय सर्व्हिस एक्स्पोर्ट चांगले चाललेत. ते खरंच आहे, कन्सल्टन्सी आणि बँकिंगला ट्रकमधून डोव्हर बंदराला जावं लागत नाही.

पण वहिनीच्या कामाचं ऐकलं की मला आकडे बाजूला ठेवावेसे वाटतात. ती एका छोट्या गारमेंट कंपनीत हिशेब बघते. डिसेंबर २०२० च्या ईयूबरोबरच्या करारात शून्य टॅरिफ म्हणजे शून्य आयात कर म्हणून सगळे खूश होते, मग कळलं की शून्य फक्त 'इथल्या' मालाला, आणि कपड्यांच्या बाबतीत नुसतं इथे शिवलं की इथलं होत नाही, कापड विणण्यापासून इथलं किंवा युरोपचं लागतं. यांचं कापड आशियातून यायचं. म्हणजे लेस्टरमध्ये शिवलेला टॉप युरोपात गेला की साधारण १२ टक्के ड्यूटी, वर कस्टमचे फॉर्म, वर एजंटची फी. बेल्जियम आणि आयर्लंडची छोटी गिऱ्हाइकं मालकांनी एकेक करून सोडून दिली. कोणाची नोकरी गेली नाही. एक मशीन घ्यायचं होतं ते घेतलं नाही, एवढंच. हे कुठल्या बातमीत येणार? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात सुमारे १६,४०० कंपन्यांनी ईयूला माल पाठवणं बंदच केलं असं निघालं, बहुतेक अशाच चिल्लर. त्याच अभ्यासात असंही आहे की एकूण निर्यातीवरचा फटका ६.४ टक्के, म्हणजे भीती होती त्यापेक्षा कमी, कारण मोठ्या कंपन्यांनी कागदपत्रांची माणसं ठेवली आणि निभावून नेलं. दादाने शेवटची ओळ वाचली, वहिनीने पहिली.

भूकंप म्हणून घाबरवलं आणि निघाली वाळवी, ती पण भिंतीच्या आत. वाळवीचा मोर्चा निघत नाही.

बदल्यात काय मिळालं तर ऑस्ट्रेलियाशी करार, ज्याचा फायदा सरकारच्याच अंदाजाने दीर्घकाळात जीडीपीच्या ०.०८ टक्के. २०२५ मध्ये ट्रम्पनी ईयूच्या मालावर १५ टक्के आयात कर लावला आणि ब्रिटनच्या मालावर १०, त्या दिवशी दादाने मला सकाळी सात वाजता मेसेज केला होता. तो मुद्दा मी त्याला दिला, पूर्ण दिला.

परवा कॉलवर पोर्ट्समथचा विषय निघाला. युरोपातून येणारा माल तपासायला तिथल्या बंदरात २.५ कोटी पौंड घालून चौकी बांधली, तपासण्या सरकारने परत परत पुढे ढकलल्या, शेवटी एप्रिल २०२४ ला सुरू झाल्या तोवर नियम बदलून चौकी गरजेपेक्षा खूपच मोठी ठरली आणि पाडायची का अशी चर्चा तेव्हाच सुरू झाली. मग मे २०२५ मध्ये ईयूशी नवीन समझोता ठरला, त्यात या तपासण्याच बहुतेक जाणार. वहिनी म्हणाली बांधली कशाला होती. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बांधली तेव्हा जीडीपीत धरली, आता पाडली तरी पाडण्याचा खर्च जीडीपीतच धरतात ना गं?"

धरतात. मी पंच म्हणून वहिनीला तसं सांगितलं आणि तिने कॉल कट केला.