फॅक्स टोन द्या

परवा ऑफिसातल्या एका नवीन पोराने विचारलं, सर हे फॅक्स टोन म्हणजे काय हो, आणि मला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. फॅक्स म्हणजे फोनच्या लाइनवरून कागदाची नक्कल पाठवणारं मशीन. त्याला काय सांगणार? एक काळ असा होता की दिवसातून दहा वेळा कुणीतरी फोन करून नमस्कार चमत्कार काही न करता थेट "फॅक्स टोन द्या" म्हणायचं, आणि आपणही एखाद्या याचकाला भिक्षा घालावी तसा स्टार्टचं बटण दाबून टोन द्यायचो. मग ती किंकाळी. मग आपण रिसीव्हर ठेवायचा. मग पाच मिनिटांनी त्याच माणसाचा परत फोन, "फॅक्स मिळाला का?" म्हणजे कागद पाठवायला एक फोन आणि कागद पोचला का हे विचारायला दुसरा, आणि तरी लोक म्हणायचे फॅक्समुळे काम वाचतं.

ही गोष्ट 2005 सालची, पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतली. आमची कंपनी गाड्यांचे छोटे पार्ट बनवायची, प्लँट भोसरीत आणि एक छोटं ऑफिस चेन्नईला, कारण मोठी गिऱ्हाइकं तिकडे होती. मी कंपनीचा 'कॉम्प्युटरवाला'. पद वगैरे काहीतरी होतं पण हाक हीच. प्रिंटर अडकला तरी मी, साहेबांच्या घरचा पीसी बिघडला तरी मी, आणि एकदा तर पंख्याचा रेग्युलेटर पण. दोन्ही ऑफिसांच्या मध्ये 128 केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 128 हजार बिट नेणारी, लीज्ड लाइन होती, फक्त आमच्यासाठी भाड्याने घेतलेली. आज मोबाइलवर कुणाचा गुड मॉर्निंगचा फोटो उघडायला यापेक्षा जास्त लागतं, पण तेव्हा त्यावर अख्खं बिलिंग चालायचं आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

साहेबांनी एसटीडीचं, म्हणजे परगावच्या फोनचं, बिल पाहिलं आणि मला बोलावलं. म्हणाले, ही लाइन चोवीस तास पडलेली असते, रात्री कोणी वापरत पण नाही, पैसे मात्र पूर्ण भरतो, यावरून फोन आणि फॅक्स जातात म्हणे, करून टाक. 'करून टाक' या दोन शब्दांवर या देशातली किती नेटवर्कं उभी आहेत देव जाणे.

मी वाचायला लागलो. आणि वाचता वाचता जे कळलं ते मला अजून भारी वाटतं. आपण बोलतो तो आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजायचा, प्रत्येक मोजमापाला 8 बिट, झाले 64 केबीपीएस. त्याचे 20 मिलिसेकंदाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला पत्ता चिकटवायचा आणि सोडून द्यायचा, सेकंदाला 50 पुड्या. आता गंमत बघा, पुडीत माल 160 बाइट आणि वरचा पत्ता 40 बाइट, त्यामुळे 64 चे होतात 80. म्हणजे आमच्या 128 च्या लाइनवर एक माणूस बोलला की दुसऱ्याने गप्प बसायचं. म्हणून मग आवाज आवळणारा कोडेक घ्यायचा, जी डॉट 729, तो 64 चं काम 8 मध्ये करतो. पण पत्ता तेवढाच! माल 20 बाइट, पत्ता 40. पोस्टकार्डावर मजकूर दोन ओळी आणि पत्ता अख्ख्या कार्डभर. मग तो पत्ता पण आवळायचा, त्याची वेगळी सेटिंग. हे सगळं करून एका बोलण्याला साधारण 12 केबीपीएस पडायला लागले तेव्हा मी एकटाच सर्व्हर रूममध्ये खूष झालो, सांगणार कुणाला.

काम करायला गुरुवार निवडला. एमआयडीसीत ज्यांनी नोकरी काढलीय त्यांना माहितीये, आमचा रविवार गुरुवारी असतो. प्लँट बंद, मशिनांची धडधड नाही, कँटीनवाला पण नाही, फक्त सिक्युरिटी केबिनमधले वॉचमनकाका आणि मी. राउटरमध्ये, म्हणजे लाइनच्या टोकाला पुड्यांना वाट दाखवणाऱ्या डब्यात, फोनचं कार्ड बसवलं, चार पोर्ट, त्यातून वायरी काढून ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, क्रोनवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, आणल्या. क्रोनवर पंचिंग टूलने वायर बसवताना जो 'खट्' आवाज येतो ना, त्यात जे समाधान आहे ते कमांड टाइप करण्यात नाही, हे मी कॉम्प्युटरवाला असून सांगतो. चेन्नईला ईपीएबीएक्सच नव्हतं, तिथे तीन फोन आणि एक फॅक्स थेट राउटरलाच लटकवले. आठ दाबा, टोन आला की चेन्नईचं एक्स्टेंशन दाबा, बस्स.

पहिला फोन लागला. तिकडच्या अकाउंटंटने उचलला, "हॅलो." मी "हॅलो." आवाज एकदम स्वच्छ. आणि मग दोघंही ओरडायला लागलो, हॅलो? हॅलो? अहो आहात का? झालं असं की आपण गप्प बसलो की पुड्या पाठवायच्याच नाहीत, जागा वाचते, अशी एक सोय असते ती मी हौसेने चालू केली होती. त्यामुळे समोरचा बोलायचा थांबला की पूर्ण शांतता. एकदम विहिरीत पडल्यासारखी. साध्या फोनवर कोणी बोलत नसलं तरी मागे बारीक खरखर असते, आपल्याला ती ऐकू येते हेच आपल्याला माहीत नसतं, ती गेली की कळतं. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी काय केलं असेल? खोटी खरखर. कम्फर्ट नॉइज म्हणतात. समोरून काही येत नसताना आपल्याच बाजूचं यंत्र आपल्या कानात जरा खरखर करतं, की बाबा लाइन आहे, घाबरू नको. मी ती चालू केली आणि अकाउंटंट म्हणाला, "हाँ, अब ठीक है, पहले आवाज साफ नहीं था." खरखर घातल्यावर आवाज साफ!

दुसरा घोळ उशिराचा. आवाज एका टोकाकडून दुसऱ्याकडे 150 मिलिसेकंदाच्या आत पोचला तर बोलणाऱ्यांना सहसा काही जाणवत नाही. पण आमची लाइन ती, त्यावर एखाद्याने ड्रॉइंग जोडून मेल टाकला की त्याची 1500 बाइटची एक पुडी लाइनवर चढायलाच 90 च्या वर मिलिसेकंद जायची. म्हणजे ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून सिंगल रोडवर पुढे चाललाय आणि आपण मागे मोटरसायकलवर. आवाजाची पुडी एवढीशी पण वाट मिळेपर्यंत थांबणार. मग दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम थांबायचे, मग "बोला बोला", "नाही तुम्ही बोला", त्यातच मिनिट जायचं. शेवटी मोठ्या पुड्यांचे तुकडे केले आणि आवाजाला रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं, व्हीआयपी दर्शन म्हणा. मेल पाठवणारे दोन दिवस कुरकुरले.

तर फोन झाला. लोक खूष. डिस्पॅचचे काका पूर्वी एसटीडी लावून असे बोलायचे की चेन्नईला फोनशिवायच ऐकू जाईल, पुन्हा घड्याळाकडे बघत, तेच आता खुर्चीत मागे रेलून हळू आवाजात "काय, पाऊस आहे का तिकडे" करायला लागले. काकांना हिंदी जेमतेम, तिकडच्या माणसाला त्याहून कमी, पण फुकट आहे म्हटल्यावर भाषा आडवी येत नाही. साहेबांच्या डोक्यात लगेच पुढची आयडिया, की आपण आठ दाबून चेन्नईला जायचं आणि तिथून लोकल लाइन पकडून तिकडच्या गिऱ्हाइकांना लोकल रेटने फोन करायचे. ते मी नाही म्हटलं. तेव्हाच्या नियमात कंपनीच्या दोन ऑफिसांत आपापसांत नेटवर्कवरून बोला, पण ते बोलणं बाहेरच्या टेलिफोन नेटवर्कला जोडायचं नाही, तो एसटीडीचा महसूल चुकवणं झालं. ईपीएबीएक्समध्ये ती वाट मुद्दाम बंद करून ठेवावी लागायची. साहेब म्हणाले कोणाला कळणार आहे. मी म्हटलं सर, बिलावर चेन्नईचे लोकल कॉल दहापट झालेले दिसले तर कळेलच की. मग गप्प बसले.

आणि आता फॅक्स. मला वाटलेलं बोलणं अवघड, कारण माणूस अवघड, आणि फॅक्स सोपा कारण ते मशीन. एकदम उलटं निघालं.

बोलताना मधली एखादी पुडी हरवली तर काय होतं? काका म्हणाले "उद्या ट्र- पाठवतो". तिकडच्याला कळतं ट्रक. नाही कळलं तर तो म्हणतो क्या बोला, काका परत सांगतात. फॅक्सचं असं नाही. फॅक्स म्हणजे एका ओळीत 1728 ठिपके, काळा की पांढरा, काळा की पांढरा, असं कागदभर. त्यातला घास मधूनच गेला तर त्याला 'समजून घ्या' हा प्रकारच नाही. वर पुन्हा मी लावलेला कोडेक माणसाच्या गळ्याच्या मापाने शिवलेला. तो आवाज पाठवतच नाही खरं तर, तो गळा, जीभ कशी हलली असेल याचं वर्णन पाठवतो आणि पलीकडे त्यावरून आवाज परत तयार करतात. त्यात फॅक्सची किंकाळी घातली की बाहेर जे येतं ते पलीकडच्या फॅक्सला ओळखूच येत नाही.

त्या किंकाळीला आपण किंकाळी म्हणतो पण ते लग्नाचं बोलणं असतं. फोन करणारं मशीन 1100 हर्ट्झला पाव पाव करतं, अर्धा सेकंद आवाज आणि तीन सेकंद गप्प. उचलणारं 2100 ला लांबलचक सूर लावतं, की आम्ही तयार आहोत. मग हळू आवाजात देणंघेणं, तुमच्याकडे स्पीड काय, कागद केवढा, सेकंदाला 14400 बिट झेपतील का, नाही, बरं मग 9600. मग एकदा ट्रायल. ट्रायल फसली की अजून खाली. हे सगळं ठरल्यावर मग कागद. वयाने पण टेलिफोनपेक्षा मोठी हो ही फॅक्सची विद्या, अलेक्झांडर बेनने तारेवरून चित्र पाठवायचं पेटंट घेतलं 1843 ला, आणि बेलचा टेलिफोन 1876 चा. थोरली जाऊ. मान द्यावाच लागणार.

तो मान देण्याची पद्धत म्हणजे टी डॉट 38. यात फॅक्सला आवाज म्हणून पाठवतच नाहीत. इकडचा राउटर आपल्या फॅक्सला म्हणतो मीच तो चेन्नईचा फॅक्स, सांग काय सांगायचंय. तो सूर ऐकून त्यातले ठिपके काढून घेतो, पुड्या करून पाठवतो, आणि तिकडचा राउटर तिकडच्या फॅक्सला म्हणतो मीच तो भोसरीचा फॅक्स, आणि पुन्हा सूर लावून त्याला ऐकवतो. शिवाय प्रत्येक पुडीबरोबर मागच्या पुडीची एक कॉपी जाते, हरवली तर असू दे म्हणून. मध्यस्थ दोन, दोघं खोटं बोलणार, आणि दोन्हीकडची माणसं समाधानी. मी म्हटलं वा, हे तर आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे.

लावलं. पहिला कागद अर्धा गेला. दुसरा गेलाच नाही. तिसरा पूर्ण गेला म्हणून मी वॉचमनकाकांना चहा पाजला, आणि चौथा परत अर्धा. अर्धा कागद हा पूर्ण न जाण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या आठवड्यात नेमकं तेच झालं, गिऱ्हाइकाच्या डिलिव्हरी शेड्यूलचा वरचा अर्धा भाग आला, खालचा आलाच नाही, आणि डिस्पॅचच्या काकांनी वरच्या ओळीतला माल भरून गाडी सोडली. त्यांची काय चूक, कागद आला म्हणजे आला. साहेबांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

तीन दिवस मी लाइनला शिव्या दिल्या, फॅक्स मशीनला दिल्या, टेलिफोन खात्याला पण सवयीने दिल्या. मग रात्री दोन्ही राउटरची सेटिंग प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवून पट्टीने एकेक ओळ ताडून बघितली. भोसरीकडे टी डॉट 38 ची ओळ होती. चेन्नईला तीनही फोनच्या पोर्टना होती, जिथे तिची काही गरज नव्हती. चौथ्या, फॅक्सच्या पोर्टला नव्हती. मी कॉपी पेस्ट तीन वेळा केलं होतं आणि चौथ्या वेळी बहुतेक चहा आला. इकडचा मध्यस्थ बोलणी करायला तयार आणि पलीकडे मध्यस्थच नाही. जे कागद गेले ते कसे गेले याचं मला आजही आश्चर्य वाटतं. साहेबांना मी सांगितलं की चेन्नईच्या बाजूला प्रॉब्लेम होता. खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्यानंतर फॅक्स व्यवस्थित गेले, स्पीड 9600 वर बांधून ठेवला आणि गेले. जेमतेम वर्षभर मजा आली. कारण 1 मार्च 2006 ला बीएसएनएलने 'वन इंडिया' प्लॅन काढला, देशात कुठेही एक रुपया मिनिट. साहेबांनी पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवला, काही बोलले नाहीत, पेपर मात्र घडी घालून ती बातमी वर येईल असा ठेवला होता.

नंतर आयपी फोन आले, नेटवर्कच्या वायरीतूनच करंट खाणारे. एका गुरुवारी लाइट गेली, यूपीएसने अर्धा तास दम काढला, आणि सगळ्या टेबलांवरचे फोन एकदम काळे. अख्ख्या प्लँटमध्ये एक फोन चालू, वॉचमनकाकांच्या केबिनमधला जुना डबडा, तो थेट टेलिफोन एक्स्चेंजमधून वायरीतून येणाऱ्या 48 व्होल्टवर. तिथून मी यूपीएसवाल्याला फोन लावला तेव्हा काका स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या आठ नंबरवरून लावा की, फुकट लागतो म्हणता ना."

मी काही बोललो नाही. रिसीव्हर कानाला होता, मागे बारीक खरखर येत होती, ही खरी.