गोधडीचा जबडा, तिची नळी आणि खिडकीची जाळी

इमारतीवरून पडलेलं मांजर वाचतं का, असं मला पावसाळ्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेकदा वाचतं. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के मांजरं जगली. अर्थात जी जागीच गेली ती त्या मोजणीत आलीच नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. मांजर हवेत अंग वळवून पायांवर उतरतं, पण खाली येण्याचा वेग कुठे जातो? पाय वाकतात आणि हनुवटी जमिनीवर आदळते. सध्या आमच्याकडे असलेल्या गोधडी या मांजरीचं तेच झालं होतं.

ती पडली आमच्या शेजारच्या टॉवरच्या आवारात, भर पावसात. कुठल्या मजल्यावरून, कुणाला माहीत नाही. वॉचमनने खोक्यात उचलून ठेवली आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. आम्ही लालबागचे, त्यामुळे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जवळ. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. तिथे तिचे एक्स-रे झाले. पांढरा, काळा, पिवळा असे तुकडे जोडल्यासारखं अंग, म्हणून संस्थेतल्या मुलांनी नाव ठेवलं गोधडी. असं तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असतं, कारण काळ्या-पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि दोन्ही रंग एकत्र यायला लागणारी दोन एक्स गुणसूत्रं मादीतच असतात.

मांजराच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हनुवटीपाशी जुळलेले असतात. तिचा तो सांधा उकलला होता आणि टाळूलाही चीर गेली होती. तरी ऑपरेशन लगेच झालं नाही. पडल्यावर छातीलाही मार बसतो, फुप्फुसाभोवती हवा साठू शकते, आणि अशा अवस्थेत भूल देणं धोक्याचं. आधी श्वास सुधारू दे, जबडा थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते थांबणं मला फार जड गेलं. तोंड वाकडं झालेला जीव समोर दिसतोय आणि आपण त्याला नुसतं ऑक्सिजनवर ठेवून बघतोय. पण त्यांचा निर्णय बरोबर होता, हे आज मी कुणालाही ठामपणे सांगेन. नंतर सुळ्यांच्या मागून बारीक तार फिरवून जबडा बांधला आणि खाणं भरवण्यासाठी मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली.

संस्थेकडे पावसाळ्यात पिल्लांची नुसती रांग लागलेली असते. ऑपरेशन झालेल्या मांजराला शांत खोली लागते, ती तिथे मिळणं अवघड. म्हणून तार निघेपर्यंत आणि पुढे घर मिळेपर्यंत गोधडी आमच्या आतल्या खोलीत आली.

लोकांना वाटतं ऑपरेशन पार पडलं की संपलं. खरं काम त्यानंतरच सुरू होतं, आणि ते बहुतांशी खाऊ घालण्याचं असतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृतच निकामी होऊ शकतं. 'भूक लागली की खाईल आपोआप' हे मांजराच्या बाबतीत जिवावर बेततं. सकाळी बाजारातून बांगडे आणायचे, नुसत्या पाण्यात उकडायचे, एकेक काटा काढायचा, डॉक्टरांनी दिलेल्या डबाबंद खाण्यात मिसळून मिक्सरमधून काढायचं आणि वर गाळून घ्यायचं. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काटे काढायचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. "अगं, तुझ्या घाईत एखादा राहायचा," म्हणाल्या, आणि चष्मा लावून बसल्या त्या रोजच बसू लागल्या.

नळीतून भरवताना घाई चालत नाही. खाणं कोमट हवं, सिरिंजचा दट्ट्या हळूहळू दाबायचा, मांजराने ओठ चाटायला सुरुवात केली की थांबायचं, कारण ती मळमळीची खूण असते. शेवटी साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी बुजते. नळीच्या तोंडाशी चामडी लाल झाली आहे का, पू येतोय का, हे रोज पट्टी सोडून बघायचं. पिंजऱ्यातल्या शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेले वर्तमानपत्राचे कागद, म्हणजे जखमेला काही चिकटत नाही. आणि झोपेत तिचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना फोन करायचा, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर थेट दवाखाना गाठायचा.

शेजारच्या काकी मायेने म्हणाल्या, "पोरीला दुखत असेल, पॅरासिटामॉलचा तुकडा दे ना." त्यांचा हेतू चांगला होता, पण हे मोठ्याने सांगायलाच हवं: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याचं यकृत ते पचवू शकत नाही, रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो, आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलेलंच द्यायचं.

नळी अजून मानेत होती तेव्हाच एके दुपारी ती ताटलीतलं पातळ खाणं स्वतः चाटू लागली. सासूबाईंनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं. पुढे नळी निघाली, जबडा जुळल्यावर तार निघाली. एक सुळा गेला आणि हनुवटी किंचित डावीकडे राहिली. गणपतीत आमच्याकडे ढोल-ताशांनी खिडकीच्या काचा थरथरतात, तेव्हा ती दहा दिवस आतल्या खोलीत पलंगाखालीच राहिली. दार आणि पडदे बंद ठेवून आम्ही तिचं खाणं तिथेच सरकवत होतो. वजन भरल्यावर नसबंदी आणि लसी झाल्या: पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि सर्दीचे दोन विषाणू यांची एकत्र लस, शिवाय रेबीजची. फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची चाचणीही झाली, ती निगेटिव्ह आली.

मग घर शोधायला सुरुवात झाली. फोन करणारे बहुतेक जण पिल्लू मागतात किंवा पर्शियन. मोठं, देशी, त्यातून तोंड वाकडं, म्हटलं की आवाज बदलतो. याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण मोठ्या मांजराचा स्वभाव तुम्हाला आधीच कळलेला असतो, पिल्लाचा कळत नाही. गोधडी शांत आहे, लिटरची, म्हणजे ट्रेमध्येच शी-शू करायची, सवय आहे, लहान मुलांना घाबरत नाही.

एका कुटुंबाला ती खूप आवडली होती. उंच टॉवरमधलं घर, माणसं प्रेमळ. पण बाल्कनीला फक्त उभ्या बारीक तारांचं ते इनव्हिजिबल ग्रिल, आणि बाहेरून जाळी लावायला सोसायटीची परवानगी नाही. दोन तारांमध्ये दोन-तीन इंचांची फट असते. मांजराचं डोकं गेलं की मागून अंगही जातं. संस्थेने नकार दिला. त्या बाईंचा मला फोन आला, "ताई, आम्ही लक्ष ठेवू ना." मला त्यांना नाही म्हणताना त्रास झाला, पण मी संस्थेच्याच बाजूने उभी राहिले. कबुतर दिसल्यावर मांजर किती क्षणांत झेपावतं ते मी घरात रोज बघते. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळीही पुरत नाही: उन्हाने कुजते, मांजर ती कुरतडतं. स्टीलची, चौकटीत घट्ट बसवलेली हवी.

सध्या गिरगावातल्या एका जोडप्याशी बोलणं पुढे गेलं आहे. दोघं निवृत्त, आधीचं मांजर म्हातारपणाने गेलेलं. काकांनी आल्या आल्या विचारलं, "हिला चावायला त्रास होत असेल, खाणं किती मऊ लागतं?" काकूंनी तिच्या डॉक्टरांचे कागद मागून घेतले. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नाही, एवढंच राहिलं आहे. जाळीवाला माप घेऊन गेला आहे. जाळी लागली की संस्थेची मुलं ती हाताने ओढून बघतील, मग कागदपत्रं होतील. तोवर बांगडे आमच्याकडेच उकडतात.