सर्जाचा खुराक

ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं चार महिन्यांचं पिल्लू काट्यावर ३२ किलो भरलं, तेव्हा त्याला घेऊन आलेल्या आबांचा चेहरा खुलला. मी बघत होते त्याचे पुढचे पाय. दोन्ही पंजे बाहेरच्या अंगाला वळलेले, बोटं फाकलेली, आणि उजव्या पायाचं हाड मनगटाच्या वर पुढच्या बाजूला वाकलेलं. उभं केलं की सर्जा सगळा भार मागच्या पायांवर घ्यायचा आणि लगेच बसकण मारायचा.

"मॅडम, हाडात ताकद कमी पडती बगा. कॅल्शियमचं इंजेक्शन द्या एक," आबा म्हणाले.

माझ्याकडे येणारी बहुतेक जनावरं म्हशी आणि गाई. पण अलीकडे तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या बंगल्यांसमोर सेंट बर्नार्ड, मास्टिफ, ग्रेट डेन असली दांडगी कुत्री दिसू लागली आहेत. घेताना पिल्लू हातात मावतं. पुढे दीड-दोन वर्षं ते वाढतच राहतं आणि ग्रेट डेनचा नर ६० किलोच्याही पुढे जातो. एवढी वाढ म्हटल्यावर त्याला भरपूर खाऊ घालायलाच हवं, असं माणसाला वाटतं. इथे तर तालमीची परंपरा. आबा तरुणपणी कुस्ती खेळलेले, घरात हिंदकेसरी मारुती माने यांचा फोटो लावलेला. अंगावर मांस धरायचं तर खुराक पाहिजे, यावर त्यांचा आयुष्यभराचा विश्वास.

एक्स-रे काढला आणि काचेवर लावून आबांना दाखवला. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी शेजारी असतात, एक जाड आणि एक बारीक. बारीक हाडाची बहुतेक लांबी त्याच्या मनगटाकडच्या टोकाला असलेल्या कूर्चेतून, म्हणजे मऊ, लवचीक हाडातून वाढते. कूर्चा तयार होते, तिचं हाड होतं, पुन्हा नवी कूर्चा. सर्जाच्या दोन्ही पायांत त्या टोकाला कूर्चा तशीच साचून राहिली होती. एक्स-रेमध्ये ती मेणबत्तीच्या ज्योतीसारखी दिसते, खाली रुंद आणि वर निमुळती. बारीक हाड मागे पडलं, शेजारचं जाड हाड मात्र वाढतच राहिलं. दोन्ही एकमेकांना बांधलेली, त्यामुळे जाड हाडाला सरळ जायला वाव उरला नाही. ते वाकलं आणि पंजा बाहेर फिरला.

"आबा, ह्याला कॅल्शियम कमी पडलेलं नाही. जास्त झालंय."

आबांना ते पटेना. "जास्तीचं लघवीवाटं जाईल की!"

प्रश्न रास्त होता. मोठ्या कुत्र्याचं आतडं गरजेपुरतं कॅल्शियम घेतं आणि बाकीचं बाहेर सोडतं. पण साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे जमत नाही. पोटात जितकं जाईल त्यातलं निम्म्याच्या आसपास त्याच्या रक्तात उतरतंच, गरज असो वा नसो. मग ते रक्तात वाढू नये म्हणून शरीर हाडांची झीज आणि घडण दोन्ही मंदावतं, आणि कूर्चेचं हाड व्हायचं काम रखडतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्याच पिल्लांवर हे अभ्यासलं गेलं. त्याआधी १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्रेट डेनच्या काही पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं आणि त्यांच्याच भावंडांना त्याच्या दोन तृतीयांश. हाडांची दुखणी भरपेट खाणाऱ्यांत जास्त निघाली. म्हणजे कॅल्शियम न देताही नुसत्या अति खाण्याने पाय बिघडू शकतात. सर्जाच्या वाट्याला दोन्ही आलं होतं.

दवाखान्यात बसून कोणी खरा खुराक सांगत नाही, विसरतात. म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सर्जाचं खाणंपिणं सूनबाई बघतात. त्यांनी सगळं ओळीने ओट्यावर मांडलं. सकाळी एक लिटर म्हशीचं दूध आणि उकडलेली अंडी. दुपारी पिल्लांच्या खाण्याचं पाकीट, मापाशिवाय, ताट भरेल एवढं. संध्याकाळी पुन्हा लिटरभर दूध, रात्री चिकन-भात. आणि वर गोठ्यातली बाटली. व्यायलेल्या म्हशीला पाजायचं पातळ कॅल्शियम, तेच आबा रोज दोन वेळा टोपणाने मोजून दुधात घालत होते.

मी वहीत आकडे मांडले. दोन लिटर म्हशीच्या दुधातून दोन हजारांच्या आसपास कॅलरी मिळतात. एवढ्या वजनाच्या पिल्लाची दिवसाची गरजच साधारण तेवढी. म्हणजे पाकीट, अंडी, चिकन-भात हे सगळं गरजेच्या वरचं होतं. कॅल्शियमही दुधात आधीच साडेतीन ग्रॅमच्या पुढे, शिवाय पाकिटात कंपनीने घातलेलं, आणि त्यावर बाटली.

"मी म्हणत होते, त्याला भूक नसताना पुढ्यात ठेवू नका," सूनबाई हळूच म्हणाल्या. आबा काही बोलले नाहीत.

तेवढ्यात माझं लक्ष मागच्या शेडकडे गेलं. मार्च महिना, बेदाण्याचा हंगाम. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. मी विचारलं, "ह्याला बेदाणा देता का कधी?"

"रोज न्हाई. अधनंमधनं मूठभर. ताकदीला चांगला."

सर्जाला अजून काही झालं नव्हतं हे त्याचं नशीब. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. एखाद्याला पचून जातं, तर दुसऱ्याला थोड्याशाने उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. कोणाला किती बाधेल हे आधी कळत नाही. आपल्या भागात घरोघरी शेड आहेत, खाली सांडलेला माल असतो, म्हणून हे मी प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याला सांगते. त्या दिवशी आबांना आवाज चढवून सांगितलं. सर्जाला शेडकडे सोडायचं नाही, एवढं त्यांनी लगेच मान्य केलं.

बाकीच्या गोष्टींना वेळ लागला. नातवाने मोबाईलवर वाचलं होतं की मोठ्या जातीच्या पिल्लाला प्रोटीन बाधतं, म्हणून अंडी-चिकन बंद करा. त्यात तथ्य नाही. ग्रेट डेनच्या पिल्लांना जास्त प्रोटीनचा आहार देऊन पाहिला गेला आहे, त्याने हाडं बिघडली नाहीत. घोळ कॅलरी आणि कॅल्शियमचा असतो. मग आबांनी दुसरं टोक धरलं, "मग दूध, पाकीट, बाटली, समदंच बंद करतो आन् नुसता चिकन-भात घालतो." तेही चालणार नव्हतं. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाडं पातळ होतात आणि उडी मारली तरी मोडतात. अशी पिल्लंही माझ्या टेबलावर आली आहेत.

म्हणून ठरलं ते असं. दूध आणि बाटली त्याच दिवसापासून बंद. खाणं फक्त मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं, कोरड्या वजनावर कॅल्शियम ०.८ ते १.२ टक्के असलेलं, कपाने मोजून तीन वेळा. वर काही टॉनिक नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे तरटं टाकायची. जिना बंद, मोटरसायकलमागे पळवणं बंद. दर आठवड्याला बेदाण्याच्या काट्यावर वजन, आणि रोज फासळ्यांवरून हात. फासळी बोटाला सहज लागली पाहिजे, पण लांबून उठून दिसता कामा नये. मी सूनबाईंचा हात धरून सर्जाच्या अंगावर ठेवला. बोटं चरबीत रुतली, फासळी काही सापडेना.

आबांचं खरं दुखणं शेवटी बाहेर आलं. "कमी खाल्लं तर खुजा राहील की हो. लोक काय म्हणतील, एवढ्या मोठ्या घरचं कुत्रं!" मी त्यांना समजावलं की उंची आईबापाकडून येते. बेतानं वाढवलेलं पिल्लूही तेवढंच उंच होतं, फक्त थोडं उशिरा. घाईने वाढवलं तर हाडं तयार होण्याआधीच त्यांच्यावर ओझं पडतं.

पुढचे आठवडे घरात कुरबुर चालू होती. शेजारी म्हणायचे, कुत्र्याला उपाशी मारताय का. सूनबाईंनी माप सोडलं नाही, आणि आबांनी बाटली गोठ्यात म्हशीपुरती ठेवली. दुसऱ्या एक्स-रेत डाव्या पायातली ज्योत बरीच आटली होती, पंजाही सरळ पडायला लागला होता. उजवा सुधारला, पण पूर्ण नाही. त्या पायाचं हाड अजून वाढतंय, तोवर बारीक हाडाचा छोटा तुकडा काढून जाड हाडाला मोकळं करता येतं. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या सर्जनना दोन्ही एक्स-रे दाखवायचे ठरले आहेत. आबांनी गाडी सांगून ठेवली आहे, आणि प्रवासात सर्जाला काय किती द्यायचं ते सूनबाईंनी आधीच विचारून घेतलं आहे.