कान त्याचे, अंदाज माझा

रानात एकटीने मुक्कामाला जाणार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. कुत्रा बरोबर आहे असं पुढे जोडलं की त्या लगेच विरतात. ‘मग काय, राखणीला आहे की तो!’ राखणीच्या बाबतीत गुंड्याचा लौकिक एवढा कसा पसरला, कोण जाणे. अनोळखी माणूस दारात आला तरी त्याच्या पायांत लोळण घेणारा हा प्राणी. शिवाय रात्री खरोखरच एखादं मोठं जनावर आलं, तर त्याने नेमकं काय करावं अशी या मंडळींची अपेक्षा असते, तेही कुणी सांगत नाही.

अंगावर धावून जावं अशी असेल, तर त्याहून वाईट काही नाही. अस्वलांच्या मुलखात मोकळा सोडलेला कुत्रा आधी भुंकत अस्वलावर जातो, मग घाबरून मालकाकडे पळत येतो, आणि त्याच्या मागोमाग चिडलेलं अस्वल. बिबट्याच्या मुलखात तर कुत्रा हे त्याचं आवडीचं भक्ष्य. तेव्हा अंधार पडायच्या आत राखणदाराला तंबूत घ्यायचं आणि तंबूची चेन लावून टाकायची. राखण सुरू होते ती अशी, माझ्या बाजूने.

दिवसाही ती चालूच असते म्हणा. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही जेमतेम. अंग थंड ठेवायचं सगळं काम धापांवर, आणि धाप म्हणजे पाण्याचा खर्च. निवांत पडून असलेल्या कुत्र्याला किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी पुरतं. चढ आणि ऊन असलं की हा हिशोब कुठल्या कुठे जातो. गुंड्याला तहान लागते ती हिरवट डबकं दिसल्यावर. मी वाडग्यात ओतून दिलेल्या स्वच्छ पाण्याचा तो नुसता वास घेतो. साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात हे त्याला समजावता येत नाही, पट्टा धरून ओढावंच लागतं. माझा वाटेतला खाऊसुद्धा त्याच्यामुळे बदलला. ट्रेकला जाणाऱ्यांच्या खिशात मनुके आणि चॉकलेट हमखास असतं. कुत्र्याला चॉकलेट विषारी, आणि मनुक्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाय दुखले म्हणून आपण घेतो ती आयबुप्रोफेनची गोळीदेखील त्याला भोवते. त्यामुळे खिशाची चेन, सॅकची चेन, तंबूची चेन, सगळ्या चेनी लावलेल्या आहेत ना हे बघत माझी संध्याकाळ होते.

जागा निवडताना मात्र मी त्याचं ऐकते. सॅक उतरवली की लांब दोरीवर त्याला आसपास फिरू द्यायचं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठेक लाख, कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार तीस कोटींपर्यंत. इथून काल कोण गेलं, कुठे थांबलं, हे त्याला कळत असणार. सपाट, मऊ, मला फार आवडलेल्या जागी तो एकाच रेषेत नाक घासत पुढे-मागे करायला लागला, की ती कुणाची तरी नेहमीची वाट आहे असं मी धरून चालते आणि निमूटपणे तंबू दुसरीकडे नेते. तिथे हटकून एखादा दगड पाठीला टोचतो, तो भाग वेगळा.

मग रात्र. नव्या जागी पहिल्या रात्री झोप का लागत नाही, याचा अभ्यास ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. परक्या जागी गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातला काही हिस्सा उजव्यापेक्षा कमी झोपतो, बारीकशा आवाजालाही लगेच जागा होतो. ती माणसं प्रयोगशाळेत झोपली होती, पलंगावर. तंबूत, कापडापलीकडे लगेच रान असताना, माझा उजवा भागही फारसा झोपत नसावा. माझ्या या अर्ध्यामुर्ध्या पहाऱ्यात भर पडते ती गुंड्याच्या कानांची. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. उंदरांची आपसातली बरीचशी बोलणी आपल्या टप्प्याच्या वरच होतात. म्हणजे मला शांत वाटणाऱ्या रात्रीत त्याच्याभोवती चांगलाच गलका असतो. आणि त्यातलं काय महत्त्वाचं, काय फालतू, हे तो माझ्यासाठी मुळीच निवडून ठेवत नाही.

गुंड्या साक्षीदार म्हणून पक्का, न्यायाधीश म्हणून कच्चा. तो गुरगुरला म्हणजे बाहेर काहीतरी आहे, हे शंभर टक्के खरं. ते काय आहे याबद्दल मात्र त्याचं मत विचारू नये. वाळलेल्या पानांत फिरणाऱ्या उंदरासाठी तो जेवढा छातीतून गुरगुरतो, तेवढं एखाद्या मोठ्या जनावरासाठी गुरगुरेल की नाही, याची मला शंका आहे. पानांचाही यात हात असतो. चिमूटभर जीव वाळल्या पाचोळ्यातून चालला तरी रेडा आल्यासारखं वाटतं, आणि ज्यांना भ्यावं ती मांजरकुळातली जनावरं गाद्यांच्या पावलांनी आवाज न करता निघून जातात.

मी म्हणूनच रान ऐकायचं सोडून दिलं आणि कुत्रा ऐकायला लागले. एक कान वळला आणि हनुवटी पंजांवरच राहिली, तर दखल घेऊ नये. डोकं वर आलं, श्वास मध्येच थांबला, तर मी डोळे उघडते, पण पडूनच राहते. गुरगुर एका सुरात, कंटाळल्यासारखी चालली असेल तर ती बाहेरच्याला उद्देशून नसते. मी जागी आहे का एवढंच तो बघत असतो. पाठीवरचे केस उभे राहून तो आवाज न करता उठला, तर मात्र मी उठून बसते. असं क्वचित होतं. तेव्हा मी त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवते आणि मोठ्याने, रोजच्या आवाजात, काहीही बोलते. किराण्याची यादी, राहिलेली कामं. बहुतेक जनावरांना माणसाच्या आवाजाचा तिटकारा असतो आणि माझ्या कामांच्या यादीचा तर सर्वांनाच असावा. टॉर्च मी लगेच मारत नाही. उजेडात डोळे चमकतात ते डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या परावर्तक पडद्यामुळे, आणि तो हरणालाही असतो, गाईलाही. गवतातले बारीक ठिपके तर पुष्कळदा कोळ्यांचे डोळे निघतात. माहिती वाढत नाही, छाती मात्र धडधडते.

गंमत म्हणजे, मला बसवून ठेवल्यावर गुंड्या गोल फिरून धाडकन आडवा होतो आणि दोन मिनिटांत घोरतो. वर्दी दिली, त्याचं काम झालं. पहारा माझा. त्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान, त्यामुळे पाय त्याच्या कुशीत खुपसून बसायला बरं वाटतं, एवढा मोबदला मिळतो.

अशा जागरणात मला बॉन-ओबरकासेलचं पिल्लू आठवतं. जर्मनीत १९१४ साली दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्र्याचं सातेक महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासणाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की त्याला डिस्टेंपर हा विषाणूमुळे होणारा गंभीर आजार झाला होता आणि तरी ते काही आठवडे जगलं. म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण काढली. शिकारीला, राखणीला, कशालाच ते पिल्लू तेव्हा उपयोगाचं नव्हतं. कुत्रा माणसाची राखण करतो म्हणून माणसाने त्याला जवळ केलं असं सगळे सांगतात. असेलही. पण त्या आजारी पिल्लाशेजारी रात्री जागं कोण राहिलं असेल, हे मला अंदाजाने सांगता येतं.

तोच डिस्टेंपर १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहांत पसरला आणि तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले. विषाणू आजूबाजूच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडून पोचला असावा असं मानतात. म्हणून लसीकरणाबाबत मी फार कडक आहे. अनेक संरक्षित जंगलांत कुत्र्यांना बंदी असते, तिथे ‘आमचा शहाणा आहे हो’ म्हणत आत घुसणाऱ्यांचा मला राग येतो. शहाणा असेल, पण त्याचा नुसता वास राहिला तरी तिथली जनावरं ती जागा टाळतात.

उजाडायला लागलं की राखणदार माझ्या छातीवर पाय देऊन उठतो. चेन उघडण्याआधी त्याची तपासणी करायची असते. कानांच्या मागे, पट्ट्याखाली, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. रात्रभर घोरलेला गुंड्या यावेळी फार दुखावलेला चेहरा करतो.

शेवटचं काम त्याच्या विष्ठेचं. ‘जंगलातच तर आहे, सगळेच प्राणी करतात’ हे पटणारं नाही. बाकीचे प्राणी तिथलंच खाऊन तिथेच सोडतात, हा पाकिटातलं खाऊन आलेला असतो. पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, किंवा जमीन खडकाळ असेल तर पिशवीत बांधून परत. धडधाकट कुत्र्याने स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ओझं वाहायला सहसा हरकत नसते, आणि गुंड्याला पाठीवर बांधायची त्याची स्वतःची पिशवी आहे. येताना तिच्यात त्याचा कोरडा खाऊ असतो. परतताना काय असतं ते त्याला चांगलं माहीत असतं, कारण तो एकदाही त्या बाजूला नाक वळवत नाही.