तीनबोट्याला बोट का फुटत नाही

आमच्या रविवारच्या खेळात नवा भिडू आला की दुसऱ्या-तिसऱ्या डावाला विचारतोच, "चेंडू जादूचा आहे ना? मग धरणाऱ्याचं गेलेलं बोट परत का येत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

खेळ म्हणजे गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर फासे टाकून रंगवायची गोष्ट. गढ्या, वेताळ, शापित विहिरी, सगळं तोंडी. त्यातला तीनबोट्या हा जादूचा चेंडू मी रचलेला. कातडी चेंडू, शिवणीला 108 दुहेरी टाके. दर फेकीला एक टाका उसवतो. टाके संपले की चेंडू संपला. सरळ छातीवर येतोय असं वाटतं आणि ऐन वेळी खाली बसतो. ढाल वर राहते, गुडघा फुटतो. किंमत एवढीच की चेंडू बाळगणाऱ्याची उजवी तर्जनी जाते. धनुष्य ओढणं अवघड, बोट रोखून शाप देणं बंद. आमचा मांत्रिक त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

108 हा आकडा जपमाळेचा, असं पंचवटीकर मंडळी गृहीत धरतात. खऱ्या बेसबॉललाही टाके तेवढेच असतात हो!

ज्याच्यावरून हा चेंडू सुचला तो मूळ माणूस बेसबॉलपटू मॉर्डेकाय ब्राऊन, अमेरिकेतल्या इंडियानाचा, जन्म 1876. लहानपणी शेतावर चारा कापायच्या यंत्रात त्याची उजवी तर्जनी गेली, पुढे पडल्यामुळे मधलं बोटही वाकडं झालं. त्या मोडक्या हातातून सुटलेला बॉल असा काही फिरायचा की बॅटपाशी येऊन पडायचा. बेसबॉलमध्ये आपल्यासारखा टप्पा नसतो, जे व्हायचं ते हवेतच. त्याच हाताने त्याने 239 सामने जिंकले. 1907 आणि 1908 मध्ये शिकागो कब्ज हा संघ अजिंक्य ठरला तेव्हा तो त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. कब्जना त्यानंतरचं अजिंक्यपद मिळालं 2016 मध्ये. मोजा वर्षं. पुन्हा 108, आणि यात माझा काही हात नाही.

"मग आपला चंद्रशेखर काय वाईट होता?" हेही ऐकते. पोलिओने बारीक झालेल्या हाताने 242 कसोटी बळी घेतले, वाईट कसा असेल! पण 'चारा कापायचं यंत्र' वाचलं आणि मला निफाडच्या मामाची कडबाकुट्टी दिसली. मामाचं तेच बोट तिच्यात गेलं, माझ्या जन्माआधी. द्राक्षाच्या विरळणीला तो कात्री अंगठा आणि मधल्या बोटात धरतो, आणि मनगटाला असा काही हिसका देतो की शेजारच्या ओळीतल्या बाया मागे पडतात. तो हिसका मला अजून जमलेला नाही.

पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी लिहिलं होतं: शेवटचा टाका उसवला की बोट परत फुटतं. छान वाटलं होतं. दिवाळीत मामाला वाचून दाखवलं. सुपारी कातरता कातरता त्याने सगळं ऐकलं, मग हातातल्या अडकित्त्याकडे बघत म्हणाला, "आन् मंग कात्री कशी धरू?"

ती ओळ तिथेच खोडली. सध्या तीनबोट्याचे 61 टाके शिल्लक आहेत. तुम्हाला घ्यायचा असेल तर रविवारच्या आत कळवा.