पेट्रोल भरलं की गाडी रुसायची

एरवी आमची गाडी एका चावीत सुरू व्हायची. फक्त पंपावर टाकी भरली की हटकून रुसायची. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. अॅक्सिलरेटर अर्धा दाबून धरला की पेट्रोलचा वास सोडत, धडधडत सुरू व्हायची आणि पुढच्या सिग्नलपर्यंत पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागायची. वर्धा रोडच्या पंपावर एप्रिलच्या दुपारी मागे रांग लागलेली असताना हे झालं की मागच्यांचे हॉर्न ऐकण्यासारखे असतात. थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवाही लागला.

सर्व्हिस सेंटरने फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा गाडीतला पंप, बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. शेजारच्या काकांनी सगळा दोष इथेनॉलवर टाकला; हल्ली टायर पंक्चर झालं तरी लोक इथेनॉललाच धरतात. मला दोन्ही पटेना. पंप खराब असेल तर गाडी टाकी भरायची वाट कशाला पाहील? पेट्रोल वाईट असेल तर ती टाकी संपेपर्यंत त्रास देईल, पहिली दोन मिनिटंच नाही. ही ‘पेट्रोल भरल्याबरोबर’ची वेळच खरा धागा आहे असं वाटलं, आणि मी बाष्पाच्या मागे लागलो.

टाकीत पेट्रोलची वाफ सतत तयार होते, नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. ती उघड्यावर सोडली तर त्यातले हायड्रोकार्बन उन्हात नायट्रोजन ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. म्हणून वाफ आधी कॅनिस्टर नावाच्या डब्यात जाते. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. इंजिन तापलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कॅनिस्टर आणि इंजिनामधला पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो, इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकची ओढ ती वाफ खेचते आणि ती इंजिनात जळून जाते. या व्हॉल्व्हला करंट नसेल तेव्हा तो बंद असायला हवा. तोच उघडा अडकला तर? पेट्रोल भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते, आणि चावी फिरवल्याबरोबर ती थेट इंजिनात घुसते. हवा-पेट्रोलचं मिश्रण इतकं दाट, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं की ठिणगी पडूनही पेटत नाही. अॅक्सिलरेटर दाबला की जास्त हवा आत येते, म्हणून मग सुरू होते.

ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा, ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर मागवला. कोड निघाला पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मी चक्रावलो. मला संशय दाट मिश्रणाचा आणि गाडी सांगते पातळ! उत्तर लाइव्ह डेटात मिळालं. रोजच्या चालण्यात, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, अधिक वीसच्या पुढे. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा येतेय आणि ईसीयू पेट्रोल वाढवून तिची भरपाई करतोय. टाकी भरून लगेच पाहिलं तर तेच आकडे झरझर खाली येऊन उणे झाले. एकाच भोकातून कॅनिस्टर रिकामा असताना हवा येत होती आणि भरलेला असताना वाफ. इनटेकचं साधं गॅस्केट गळत असतं तर ट्रिम उणे जायचं कारण नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन गाड्यांचे. तिथल्या गाड्यांना वाफेच्या वाटेवरची अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही स्वतः ओळखावी लागते, टाकीत दाबाचा सेन्सर असतो, झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. त्यामुळे जो तो ‘आधी झाकण बदला’ म्हणतो. माझ्या बीएस-६ हॅचबॅकमध्ये तसला सेन्सरच नाही. स्कॅनरवर ती गळतीची चाचणी ‘उपलब्ध नाही’ अशी दिसते. झाकणाच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडलं. पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडून येणारी नळी काढली, गाडी सुरू केली आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं. गार इंजिनात ईसीयू पर्ज करत नाही, तेव्हा ओढ शून्य हवी. बोट चांगलंच खेचलं गेलं. तोंड टेपने बंद केलं, इंजिन तापू दिलं, तर ट्रिम हळूहळू शून्याच्या आसपास आलं. (हे उघड्यावर करा, आणि जवळ कोणी विडी ओढत नाही ना ते आधी पाहा.)

व्हॉल्व्ह घेऊन मानेवाड्याच्या आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तोंड लावून फुंकलं, हवा आरपार. बॅटरीचे बारा व्होल्ट दिले तर टकटक वाजतोय, म्हणजे कॉइल ठीक. मग त्याने व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटला. काळे बारीक दाणे पडले.

“हे पहा भाऊ, कोयला. तुमचा डबा फुटून राहिला आतून. नुसता व्हॉल्व्ह बदलवाल, तर पुन्हा येता का नाही पहा.”

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य. व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या सीटवर दाणे अडकत होते, म्हणून तो मिटत नव्हता. डबा का फुटला याचं उत्तर घरातच होतं. नोझल कट झाल्यावर बाबा पंपावरच्या पोराला सांगतात, “राउंड फिगर कर रे.” वाफेसाठी टाकीत मुद्दाम सोडलेली जागा त्या राउंड फिगरने भरते, वाफेऐवजी द्रव पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा त्यासाठी बनलेलाच नसतो.

कॅनिस्टर मागे टाकीजवळ. काढून हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा बराच जड, आणि हलवला की खुळखुळतो. नवा कॅनिस्टर व्हॉल्व्हच्या कितीतरी पट महाग. बाबांनी बिल पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

कॅनिस्टर आणि व्हॉल्व्हमधली नळी दोन्ही टोकांनी सोडवून साफ केली, नाहीतर तिच्यातले दाणे नव्या व्हॉल्व्हमध्ये गेले असते. कॉम्प्रेसर वापरायचाच तर अशा सुट्या केलेल्या नळीवरच; जोडलेल्या वाटेत टायरला भरतात ती हवा सोडली तर कॅनिस्टर आणि टाकीचे सील दोन्ही जातात. म्हणूनच नळ्यांत धूर सोडून गळती शोधायची स्मोक टेस्टही अगदी हलक्या दाबावर, एक पीएसआयच्या आत करतात. जोडणी झाल्यावर मिस्त्रीने ती केली. धूर कुठूनही आला नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात गाडीची पीयूसी निर्धोक पास झाली होती. पीयूसीत सायलेन्सरमधला धूर मोजतात; टाकीची वाफ कुठे जाते हे तिथे कोणी विचारत नाही.

कोड पुसला, काही आठवडे ट्रिमवर लक्ष ठेवलं. आता ते अधिक-उणे तीनच्या आत असतं आणि गार इंजिनात व्हॉल्व्ह बोट खेचत नाही. टाकी भरून लगेच चावी फिरवली तरी पहिल्या झटक्यात सुरू होते. बाबांची राउंड फिगर मात्र पूर्ण सुटलेली नाही. आता ते रक्कम आधीच सांगतात, दोन हजार, आणि ती टाकी भरायच्या बरीच आधी संपते.