विश्वकर्मा योजनेत लोहार म्हणून नोंद: माझा अनुभव

हाताने काम करणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारं आणि कर्ज देणारी केंद्राची प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात लोहार म्हणून माझं नाव लागलं. पण त्याआधी ग्रामपंचायतीत जे हेलपाटे घालावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या घराण्यात लोहारकाम कुणी केलेलं नाही. गावातले जुने लोहार वारले, त्यांची मुलं पुण्याला कंपनीत लागली आणि विळ्याला पाणी द्यायला, म्हणजे पातं कडक करून घ्यायला, माणसं तालुक्याला जाऊ लागली. मी त्यांची ऐरण आणि भाता विकत घेतला आणि बघत, करत शिकलो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून कोयते, खुरपी बनवतो.

अर्ज सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) भरला. आधार, मोबाइल, बँक पासबुक, रेशनकार्ड एवढं पुरतं. नोंदणी फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पुढे तीन ठिकाणी तपासणी होते: ग्रामपंचायत, जिल्हा समिती आणि छाननी समिती. माझं घोडं पहिल्याच ठिकाणी अडलं.

"तुम्ही लोहार कुठले? जातीचा दाखला आणा."

अहो, योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि जातीची अट कुठेही नाही. हाताने, अवजारांनी काम करणारा, स्वतःच्या जिवावर धंदा करणारा, वय १८ पूर्ण झालेला कारागीर पाहिजे. मी नियमांची छापील प्रत नेऊन दाखवली. "वर विचारावं लागेल." पुन्हा गेलो, तर साहेब मीटिंगला. त्यानंतर सर्व्हर बंद. आणि हेच लोक आवारातलं गवत काढायला माझ्याकडूनच विळ्यांना धार लावून नेत होते! शेवटी मी लेखी अर्ज दिला: दाखला कोणत्या नियमाने मागता, ते लेखी कळवा. पोच घेतली, आवक क्रमांक टाकून घेतला. हे पहिल्याच दिवशी करा. तोंडी बोलण्याला कुणी विचारत नाही.

मग नवीन ग्रामसेविका आल्या. त्या कागद बाजूला ठेवून थेट भट्टीवर आल्या. मी खुरप्याचं पातं तापवत होतो. लाल झाल्यावर चुंबक लावून पाहिलं. चिकटेना, म्हणजे ताव आला. लगेच तेलात बुडवलं. मग घासून उजळ केलं आणि पुन्हा मंद आचेवर धरलं. धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला तसं पाण्यात टाकलं. "कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "बाई, लोखंडानेच." त्यांनी फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी माझा अर्ज पुढे गेला. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो नंतर आलेल्या प्रमाणपत्रानेही वाटला नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं. प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये मिळतात, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर मिळतं. प्रशिक्षणानंतर पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने, तारण नाही.

एक सांगायचं राहिलं. घण मारून आमच्या बोटांचे ठसे झिजतात, नोंदणीच्या वेळी मशीनवर अंगठा उमटत नाही. सेवा केंद्रात जाण्याआधी आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या. एका कुटुंबातून (नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं) एकच अर्ज चालतो, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. आणि जातीच्या दाखल्यासाठी परत पाठवलं, तर आवक क्रमांक घेऊन सरळ गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.